हळदीचा भाव बसेल

पूर्णिमा बाजारभावांवर संशोधन करते ही बातमी सोसायटीत फुटली, त्या दिवसापासून तिला लिफ्टमधून जाणं-येणं नकोसं झालं. तिसऱ्या मजल्यावरचे काका सोनं कधी घ्यावं ते विचारत, पाचव्या मजल्यावरच्या काकू तूरडाळ कधी उतरेल ते विचारत. "भाव काय होतील ते मी नाही हो सांगत. भाव का हलतात आणि त्यानं कारखान्यांचं काय होतं, ते मी शोधते," असं तिनं म्हटलं की दोघंही तिच्याकडे सारख्याच सहानुभूतीनं पाहत. "असू दे, असू दे," काकू एकदा म्हणाल्या, "माणसानं काही ना काही करत राहावं."

आता खरं सांगायचं तर तिचं संशोधन काही वाऱ्यावरचं नव्हतं. हळद, कापूस, हरभरा असल्या मालाचे बाजार, त्यांचे वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांचा भाव आजच ठरवून टाकायचे सौदे, आणि त्या मालावर चालणारे छोटे कारखाने, यांच्यामागे ती बरीच वर्षं लागली होती. त्यातून तिला कळलेली गोष्ट साधी होती. छोट्या कारखानदाराला महाग माल मारत नाही, उद्या तो किती महाग असेल हे माहीत नसणं मारतं. ज्याला वर्षाचा भाव आधी बांधून मिळतो तो नवीन मशीन घेतो, चार माणसं जास्त ठेवतो. बाकीचे बाजाराकडे डोळे लावून बसतात आणि बसूनच राहतात. ही साधी गोष्ट पूर्णिमानं इंग्रजीत, इतक्या आकडेमोडीसकट लिहिली होती की ती साधी आहे असा संशयही कुणाला येऊ नये. परदेशात तिचं कौतुक झालं. पण ज्यांच्याविषयी ती लिहीत होती, त्यांच्यातल्या एकानंही ते वाचलं नव्हतं. याचं तिला वाईट वाटे, आणि ते ती लपवतही नसे.

तिचं म्हणणं नीट ऐकून घेणारं माणूस एकच, तनुजा. कोथरूडच्या जुन्या गावठाणात, चारी बाजूंनी उंच इमारतींनी घेरलेल्या जागेत तनुजाच्या सासूबाईंची, सोजरबाईंची, पत्र्याची शेड होती. शेतं इमारतींखाली गेली तेव्हा सोजरबाईंनी एवढा तुकडा राखला आणि त्यावर मिरची-हळद कांडायचा डंका बसवला. बी. कॉम. झालेली सून घरात आली आणि तिनं कांडलेली हळद पाकिटात भरून दुकानांत ठेवायला सुरुवात केली. पाकिटं खपू लागली. आता दळायचं आणि भरायचं मोठं मशीन घेतलं तर धंद्याचा खरा कारखाना होणार होता. पण तिजोरीच्या किल्ल्या सोजरबाईंच्या कनवटीला, आणि त्यांचं म्हणणं ठरलेलं. "आधी वर्साच्या हळदीचं काय त्ये ठरू दे, मंग मशीन बघू." हळदीचं कधीच ठरत नसे. भाव आज वर, उद्या खाली. मशीनचं कोटेशन दोन वर्षं खिळ्याला लटकत होतं, आणि आता ते वाचायचं तर आधी झटकावं लागे.

पूर्णिमा एकदा तिखट कांडायला तिथे गेली आणि शिंका देता देता बोलून गेली की तुमच्यासारख्यांवरच तर माझं सगळं काम आहे. तनुजानं डंका बंद केला. आजवर पूर्णिमाचं ऐकायला कुणी साधा मोबाइल बाजूला ठेवला नव्हता, इथे अख्खा डंका थांबला. रांगेतल्या बायका कुरकुरल्या, पण तनुजानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, हे आमच्या आत्याबाईंना सांगा ना. मी सांगितलं की त्यांना वाटतं, मशीनसाठी गोड बोलते आहे. आणि लवकर सांगा. मशीनवाला जुन्या दरात द्यायला तयार आहे, पण या शनिवारपर्यंतच."

नेमक्या त्याच आठवड्यात पूर्णिमाला मार्केट यार्डातल्या मसाला व्यापाऱ्यांच्या मंडळाचं बोलावणं होतं. मंडळाचे अध्यक्ष महिपतशेठ हळदीचे जुने व्यापारी, मूळचे वाशीमकडचे. पूर्णिमाही तिकडचीच, म्हणून त्यांनी तिला गाठलं होतं. पत्रिकेवर छापलं होतं, 'भाषण मराठीत होईल. वेळेवर सुरू होईल. उशिरा येणाऱ्यांस मागे उभे राहण्यास भरपूर जागा आहे.' पूर्णिमानं सोजरबाईंना आणि तनुजाला आग्रहानं बोलावलं. सोजरबाईंना हे एकदाचं पटावं आणि मशीन यावं, एवढंच तिच्या मनात होतं.

अडचण एकच होती. तिनं जन्मात मराठीत भाषण केलं नव्हतं.

आदल्या दिवशी तिनं नवऱ्याला समोर बसवून भाषण वाचून दाखवलं. आनंद आयटीतला. मांडीवर लॅपटॉप ठेवूनच त्यानं ऐकलं.

"'स्थिर' हा शब्द जरा जास्तच नाही का होत?" तो म्हणाला. "अस्थिर भाव स्थिर होऊन बाजाराला स्थैर्य येईल. हे ऐकून माणसं खुर्चीतच स्थिर होतील."

"मग काय म्हणू? मला म्हणायचंय, प्राइसेस विल सेटल."

"सेटल म्हणजे बसणं. घडी बसते, जम बसतो. बोलीभाषेत बोल की जरा. भाव बसेल."

"भाव बसेल," पूर्णिमानं म्हणून पाहिलं. तिला ते फार आवडलं. दोघंही दिवसभर इंग्रजीत विचार करून संध्याकाळी मराठीत बोलणारी माणसं, त्यामुळे कुणालाच काही खटकलं नाही. तिनं सगळे 'स्थिर' खोडले आणि तिथे 'बसेल' लिहिलं.

गुरुवारी संध्याकाळी सभागृह भरलं. दुसऱ्या रांगेत नऊवारीतल्या सोजरबाई आणि शेजारी तनुजा. सुरुवात छान झाली. वाशीमचा उल्लेख आला तेव्हा महिपतशेठनी मान डोलावली. मग पूर्णिमा मुद्द्यावर आली.

"आपण घाबरू नका," ती म्हणाली. "थोडे दिवस वरखाली होईल, पण या वर्षभरात हळदीचा भाव बसेल. आणि भाव एकदा नीट बसला, की छोटा कारखानदार निर्धास्त होईल."

मग मागे एक खुर्ची सरकली, मग आणखी दोन. खिशांतून फोन निघाले. आपले मुद्दे लोक टिपून घेताहेत असं वाटून पूर्णिमाला हुरूप आला. "हो, बसेलच," तिनं जोर देऊन सांगितलं. "आकडेच तसं सांगतात." दोन माणसं फोन कानाला लावून बाहेर धावली. आभार मानायला उठलेल्या महिपतशेठांचा चेहरा उतरला होता. "ताई आपल्याच भागातल्या," ते म्हणाले. "त्यांच्याइतकं स्पष्ट आजवर कुणी बोललं नव्हतं." त्यांना भरून आलंय, असं पूर्णिमाला वाटलं. खरं तर भरलेलं होतं ते त्यांचं गोडाऊन.

"लोक भाषण संपायच्या आधीच कामाला लागले," घरी येऊन तिनं आनंदला सांगितलं. त्या रात्री तिला फार चांगली झोप लागली.

शुक्रवारी सकाळी कामावर जाताना मशीनची बातमी ऐकावी म्हणून ती शेडवर डोकावली. सोजरबाईंनी स्वतः उठून तिच्यासाठी चहा टाकला. असं कधी होत नसे.

"बाई, लई उपकार झालं तुमचं," त्या म्हणाल्या. "सकाळीच मशीनवाल्याला सांगून टाकलं, आत्ता नगं म्हनून."

"नको म्हणून?" पूर्णिमानं तनुजाकडे पाहिलं. तनुजा पाकिटांना चिकटपट्टी लावत होती आणि वर बघत नव्हती.

"आता भाव बसनार हाय म्हनल्यावर आत्ता कशापायी हळद घ्यायची? बसू द्या की. मंग स्वस्तात घिऊ, मंग मशीन बघू. तुमीच सांगितलं न्हवं, एवढ्या मानसांत?"

"अहो, मी बसेल म्हटलं, पडेल नाही म्हटलं. बसेल म्हणजे घडी बसते तसा."

"घडी लुगड्याची बसती, बाई," सोजरबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "बाजार बसला म्हंजी बसला."

पूर्णिमाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भाव बसला म्हणजे भाव कोसळला, हे मंडईतल्या कुठल्याही भाजीवालीला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक होतं. टोमॅटो बसलाय म्हणून गेल्याच आठवड्यात तिनं पिशवीभर घेतले होते. पण ती मंडईतली पूर्णिमा. व्यासपीठावर उभी होती ती इंग्रजीतून आलेली पूर्णिमा, आणि त्या दोघींची अजून गाठ पडली नव्हती.

तिला रडूच कोसळायचं बाकी राहिलं. इतक्या वर्षांच्या कामातून एका तरी माणसाचं भलं व्हावं असं तिला वाटत होतं, आणि त्याच माणसाचं मशीन तिच्या एका क्रियापदानं घालवलं होतं. "तनुजा, मला माफ कर," ती म्हणाली. तनुजा म्हणाली, "असू दे ताई, दोन वर्षं गेली, अजून एक." ते ऐकून पूर्णिमाला आणखीच कसंतरी झालं.

"उद्यापर्यंत वेळ आहे ना? चल, मार्केट यार्डात जाऊ. जिथे बोलले तिथेच निस्तरते."

"म्या बी येते," सोजरबाई पदर खोचत म्हणाल्या. "तितं जाऊन आनी काय बोलून बसाल. संगं कुनी शानं मानूस पायजे."

तिघी रिक्षानं निघाल्या. मसाल्याच्या गल्लीत एरवी पाय ठेवायला जागा नसते. आज हमाल पोत्यांवर बसून गप्पा मारत होते. महिपतशेठ आपल्या गाळ्यात गादीवर एकटेच होते.

"या ताई, या," ते म्हणाले. "आपल्या कृपेनं आज गप्पांना वेळच वेळ आहे. सकाळपासून गिऱ्हाईक येतं, हळदीकडे बघतं, हसतं आणि जातं. सांगलीच्या बाजारात भाव हलला नाही, हिंगोलीच्याही नाही. बसली ती फक्त आमची गल्ली."

"काका, माझी चूक झाली. भाव पडेल असं मला म्हणायचंच नव्हतं."

एवढ्यात बाई आल्याची बातमी पसरून आजूबाजूच्या गाळ्यांतले व्यापारी दारात जमले होते. त्यांतल्या एकानं लगेच पाठ फिरवून फोन लावला. "ऐक, बाई म्हणतात पडणार नाही. म्हणजे चढणार. एक पोतंसुद्धा सोडू नकोस."

"चढेल असंही मी म्हणाले नाही," पूर्णिमा घाईघाईनं म्हणाली.

"मग टिकून राहील?" दुसऱ्यानं विचारलं.

"टिकेलच असं नाही."

"मग तापेल?"

"तसंही नाही."

फोनवरचा व्यापारी अजून फोन चालू ठेवायचा की बंद करायचा या विचारात होता. पडणं, चढणं, बसणं, उठणं, उतरणं, तापणं, मराठीतली सगळी क्रियापदं बाजारानं आधीच आपल्या नावावर करून ठेवली होती. पूर्णिमासाठी एकही शिल्लक नव्हतं. दारातली माणसं तिच्या तोंडाकडे टक लावून होती आणि पुढच्या शब्दाबरोबर हळद कुठेतरी उडणार किंवा आपटणार होती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

फोनवाल्यानं फोन कानापासून दूर धरला.

"भाव काय होईल ते मला माहीत नाही," तिनं पुन्हा सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे तिला एकदम हलकं वाटलं. "तुम्हालाही नाही. पाऊस किती पडेल, बाहेरच्या देशांत किती माल जाईल, कुणालाच माहीत नाही. इतकी वर्षं अभ्यास करून मला एवढंच नक्की कळलंय."

"मग काल एवढा वेळ काय सांगत होता?" दारातून प्रश्न आला.

"हेच. फक्त अवघड करून."

महिपतशेठ पहिल्यांदाच हसले. फोनवाल्यानं फोन खिशात टाकला. कुणालाच काही कळणार नाही म्हटल्यावर दारातली गर्दी पांगली, आणि गाळ्यात चौघंच उरली. तेव्हा कुठे पूर्णिमाला समोरचं दृश्य नीट दिसलं. एका बाजूला भरलेल्या गोडाऊनचे मालक, दुसऱ्या बाजूला रिकाम्या शेडच्या मालकीणबाई. आपल्या निबंधात हे दोघं 'ए' आणि 'बी' अशा नावांनी राहतात, हे तिच्या ध्यानात आलं.

"काका," तिनं विचारलं, "तुम्हाला भीती कशाची वाटते? खरं सांगा."

"भाव खाली जायची. एवढा माल घेऊन बसलोय."

"आणि तनुजा, तुला?"

"वर जायची," तनुजा म्हणाली. "हळद महागली तरी पाकिटाचा दर वाढवता येत नाही. दुकानदार घेतच नाहीत."

"मग झालं तर. एक भाव ठरवा आणि वर्षभर, दर महिन्याला, त्याच भावानं काकांनी द्यायची आणि तुम्ही घ्यायची. बाजार कुठेही जाऊ दे. दोघांचीही भीती आजच मिटते. काल मला एवढंच सांगायचं होतं."

महिपतशेठ विचारात पडले. सोजरबाईंनी मात्र पोत्यातून एक हळकुंड उचललं, कटकन मोडलं आणि आतला रंग उजेडात धरून पाहिला. रंग पसंत पडला, हे त्यांनी चेहऱ्यावर अजिबात दिसू दिलं नाही. मग घासाघीस सुरू झाली. महिपतशेठना भाषणाच्या आदल्या दिवशीचा भाव हवा होता, सोजरबाईंना भाषणाच्या दुसऱ्या दिवशीचा. "बाई बोलल्या त्यात आमचा काय गुना?" असं सोजरबाई म्हणत, आणि "बाईंना घेऊन कोण आलंय?" असं महिपतशेठ विचारत. पूर्णिमाकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. शेवटी भाव मधोमध येऊन थांबला.

हात पुढे करता करता सोजरबाई अडखळल्या. त्या पूर्णिमाकडे वळल्या. "ह्यो भाव वर्सभर. आनी उद्या बाजारात हळद खाली आली तर? तरीबी ह्योच?"

"तरीही हाच," पूर्णिमा म्हणाली. इथे एखादा गोड शब्द वापरून वेळ मारून नेता आली असती, पण गोड शब्दांचा तिनं धसका घेतला होता. "बाजार खाली आला तर तुम्हाला हळद महाग पडेल. ते मी लपवणार नाही. पण तोवर मशीन चालू असेल."

मोडलेल्या हळकुंडाचे तुकडे तळहातावर खेळवत सोजरबाईंनी सुनेला विचारलं, "दोन वर्सं थांबलो आपन. भाव बघून. त्यात काय वाचलं गं?"

"काही नाही, आत्याबाई. नुसते थांबलो."

सोजरबाईंनी मान हलवली. बराच वेळ त्या सुनेकडे बघत राहिल्या, आणि त्या बघण्यात आधी कधी नव्हतं असं काहीतरी होतं. तनुजानं डोळे पुसले. "डोळ्यात हळद गेली," असं तिनं कुणी न विचारताच सांगितलं.

"लाव फोन मशीनवाल्याला," सोजरबाई म्हणाल्या. "आनी मोठं मशीन सांग. वर्सभराची हळद पेलंल असं."

तनुजा फोन घेऊन गाळ्याबाहेर गेली. बाहेरून तिचा आवाज येत होता, आधी दबका, मग चांगला मोठा. महिपतशेठनी चहा मागवला आणि आपल्याच भागातल्या लेकीकडे जरा बारकाईनं पाहिलं.

"ताई, एक सांगा. वर्षात भाव चढला, तर कमी भावात माल देत बसलेल्या माणसानं काय करायचं?"

"मला शिव्या द्यायच्या."

"आणि उतरला तर?"

"तर सोजरबाई देतील."

महिपतशेठनी व्यापाऱ्याच्या सवयीनं मनातल्या मनात मेळ घातला. "म्हणजे भाव कुठेही गेला, तरी तुम्हाला शिव्या आहेतच."

"तेवढं नक्की सांगू शकते," पूर्णिमा म्हणाली, आणि आपल्या संशोधनाविषयी इतक्या आनंदानं ती आयुष्यात प्रथमच बोलत होती.

"मंग दर म्हैन्याला येत जावा, बाई," सोजरबाई चहाची बशी खाली ठेवत म्हणाल्या. "शिव्या कशा, समोरासमोर दिलेल्या बऱ्या."